फिलिप्पै ४:१३ वर उपदेश करायचा आहे, तयारी कुठून सुरू करू?

प्रश्न थोडक्यात असा. वडगाव शेरीत भाड्याच्या शाळेच्या हॉलमध्ये भरणारी सत्तर-ऐंशी जणांची मराठी मंडळी आहे. पाळक दोन महिने बाहेरगावी आहेत आणि बँकेत नोकरी करणाऱ्या एका बंधूंवर वडीलमंडळींनी उपदेशाची जबाबदारी टाकली आहे. दोन रविवार झाले. लोक दारात हात मिळवून "आशीर्वाद मिळाला" म्हणतात, पण आज काय ऐकलं असं विचारलं तर कुणाला सांगता येत नाही. पुढच्या रविवारी दहावी-बारावीच्या मुलांसाठी फिलिप्पै ४:१३ घ्यायचं ठरलंय. तयारी कशी करावी, किती वेळ बोलावं, उपासनेचा क्रम कसा लावावा, आणि नोट्स कागदावर असाव्यात की मोबाइलवर?

आधी त्या वचनाचंच बोलू, कारण दुखणं तिथेच आहे.

"मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्व काही करावयास शक्तिमान आहे." मराठी ख्रिस्ती घरांत हे वचन कॅलेंडरवर, फ्रिजवर, कंपासपेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेलं असतं. त्यावर अर्धा तास बोलणं मुळीच अवघड नाही. दावीद आला, दानीएल आला, गरिबीतून वर आलेल्या कुणाचा तरी दाखला आला, शेवटी मुलांना पुढे बोलावून प्रार्थना. पण हा उपदेश तुमचा झाला, फिलिप्पै गावच्या मंडळीला हे पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाचा नाही. पौलाचं वाक्य तुम्ही फक्त दाराशी पाटीसारखं लावलं.

दहाव्या वचनापासून वाचा. पौल कैदेत आहे (१:१३). फिलिप्पैकरांनी एपफ्रदीत नावाच्या आपल्या माणसाच्या हाती मदत पाठवलीय (४:१८) आणि तो बिचारा त्या कामापायी मरणाला टेकला होता (२:२७). पौल त्यांचे आभार मानतो आणि लगेच खुलासा करतो: मला कमी पडतंय म्हणून बोलत नाही, आहे त्या स्थितीत तृप्त राहायला मी शिकलोय. मग तो स्थिती मोजून दाखवतो. हलाखी आणि सुबत्ता, भरलेलं पोट आणि रिकामं पोट. या यादीला लागूनच तेरावं वचन येतं. म्हणजे त्यातलं 'सर्व काही' म्हणजे ही यादी. जगातलं वाटेल ते काम असा त्याचा अर्थ नाही.

आता मुलांकडे बघा. ख्रिस्त ९५ टक्के मिळवून देईल असं हे वचन म्हणत नाही. ४५ टक्के पडले तरी ख्रिस्तात उभं राहता येतं, आणि ९५ पडले तरी डोकं ठिकाणावर राहू शकतं, असं ते म्हणतं. दुसरा भाग आपण हमखास गाळतो. सुबत्ता पचवायलाही सामर्थ्य लागतं, असं पौल म्हणतो. हे पुण्यातल्या पगारवाढीच्या मोसमात सांगण्यासारखं आहे. शिवाय समोरच्या रांगेत एखादा मागच्या वर्षी नापास झालेला मुलगा असेल. 'सर्व काही करता येतं' हे त्याने मागच्या वर्षीही ऐकलं होतं. आता तो दोनच अनुमानं काढू शकतो: देव खोटा, नाहीतर माझा विश्वास कच्चा. चुकीचा अर्थ काढल्याचा भुर्दंड असा तिसऱ्यालाच बसतो.

उताऱ्यात आणखी एक गोष्ट तयार पडली आहे आणि ती खास विद्यार्थ्यांसाठीच लिहिल्यासारखी आहे. पौल 'शिकलो' म्हणतो. एकदा अकराव्या वचनात, आणि बाराव्यात पुन्हा, वेगळा शब्द वापरून. तृप्ती त्याला जन्मजात मिळाली नव्हती, दमास्कसच्या वाटेवर, जिथे त्याचं आयुष्य पालटलं, तिथे एका झटक्यातही मिळाली नाही. शिकावी लागली. उपाशी राहणं आणि पोटभर मिळणं हाच अभ्यासक्रम. अकराव्या वचनातला मूळ ग्रीक शब्द 'ऑटार्केस' हा स्तोइक नावाच्या प्राचीन ग्रीक पंथातल्या विचारवंतांचा लाडका होता: ज्याला बाहेरच्या कशाची गरज नाही, जो स्वतःपुरता पुरेसा आहे असा माणूस. पौल तो शब्द उचलतो आणि दोनच वचनांत पालथा घालतो, कारण त्याचा पुरेसेपणा त्याच्या स्वतःत नाही, सामर्थ्य देणाऱ्यात आहे. हे तुम्ही समजून घ्या, लोकांना मात्र मराठीतच सांगा. ग्रीक शब्द उच्चारल्याने ऐकणाऱ्याला एवढंच कळतं की तुम्हाला ग्रीक येतं, आणि बहुतेक वेळा तेही खरं नसतं.

हाच नियम पुढच्या प्रत्येक रविवारी. उताऱ्याचा मुद्दा तोच उपदेशाचा मुद्दा. सुवार्तिक (इव्हँजेलिकल) परंपरा उपदेशाला एवढं महत्त्व देते ती उपदेशकासाठी नाही. नहेम्याच्या ८ व्या अध्यायात एज्रा लाकडी मंचावर उभा राहतो, पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचलं जातं आणि लेवी, म्हणजे मंदिराचे सेवक, जमलेल्या लोकांना अर्थ उलगडून सांगतात. मंच लोकांना ऐकू यावं म्हणून होता. वाचणं, अर्थ सांगणं आणि त्याप्रमाणे चालायला बोध करणं, या तीन कामांपलीकडे उपदेशकाला चौथं काम नाही. अधिकार वचनाचा; तुम्ही त्याच्या बाहेर पाऊल टाकलंत की उरतं ते तुमचं मत, आणि तुमच्या मतासाठी दोन बस बदलून कुणी का यावं?

म्हणूनच सुटं वचन न घेता पुस्तक क्रमाने घ्या, असा माझा आग्रह आहे. प्रथा जुनीच आहे. १ जानेवारी १५१९ ला धर्मसुधारक त्स्विंग्लीने झुरिकमध्ये ठरलेले पाठ बाजूला ठेवून मत्तयाच्या पहिल्या वचनापासून सुरुवात केली. दुसरा धर्मसुधारक कॅल्व्हिन, त्याला १५३८ मध्ये जिनिव्हातून घालवून दिलं. १५४१ मध्ये तो परतला आणि जिथे थांबला होता त्याच्या पुढच्याच वचनापासून बोलू लागला, वाद उकरून काढला नाही. क्रमाने गेल्याचा मोठा फायदा असा की नावडते विषय टाळता येत नाहीत आणि आवडत्या विषयाचं दळण दळता येत नाही. उपदेशातून कुणाला टोमणा मारला असा संशयही येत नाही. मंडळीत वाद सुरू असताना युवदीया आणि सुन्तुखे या आपसात न पटणाऱ्या दोन बायकांवरचं ४:२ आलं, तर तो पत्राचा क्रम असतो, तुमचा डाव नसतो. मात्र लंडनमध्ये मार्टिन लॉइड-जोन्स रोमकरांच्या पत्रावर १९५५ ते १९६८ बोलत होते हे वाचून भारावून जाऊ नका. ते तुमचं काम नाही.

तुमच्याकडे सहा रविवार आहेत आणि फिलिप्पैकरांस पत्र चार अध्यायांचं, १०४ वचनांचं आहे. माप जुळतं: १:१–२६, १:२७–२:११, २:१२–३०, ३:१–१६, ३:१७–४:९, ४:१०–२३. परीक्षेमुळे शेवटचा उतारा आधी घ्यायचा तर खुशाल घ्या आणि मग १:१ कडे जा. अध्यायांच्या रेघा नंतरच्या लोकांनी मारल्या आहेत, तेव्हा विचार जिथे तुटतो तिथे थांबा. २:१२ 'म्हणून' या अर्थाच्या शब्दाने सुरू होतं हे ध्यानात ठेवा, नाहीतर त्या रविवारी लोकांना 'आपल्या तारणाचं काम करा' एवढंच ऐकू जाईल आणि ते कशाच्या आधारावर, हे मागच्या आठवड्यात राहून जाईल.

नोकरी सांभाळून एका उपदेशाला दहा-बारा तास लागतात. पहिल्या वर्षी पंधरा. शनिवारी रात्री नऊला सुरुवात करणाऱ्याचा उपदेश रविवारी ऐकू येतोच: सुरुवात वीस मिनिटांची आणि उतारा शेवटच्या पाचात.

सोमवारी आणि मंगळवारी फक्त वाचा, मोठ्याने, दहा वेळा तरी. टीकाग्रंथ (वचनांचा अर्थ उलगडणारी पुस्तकं) आणि यूट्यूब बंद. दुसऱ्याचा उपदेश आधी ऐकलात की तुम्हाला उताऱ्यात तेवढंच दिसेल जे त्याला दिसलं. मग उतारा वहीत हाताने उतरवा, एका ओळीत एकच उपवाक्य. 'कारण', 'म्हणून', 'तरी', 'यासाठी की' या शब्दांना गोल करा. पत्रांमध्ये सगळा अर्थ या बिजागऱ्यांवर फिरतो. क्रियापदांखाली रेघ मारा. पुन्हा पुन्हा येणारा शब्द वेगळ्या रंगात. ४:१०–१३ ला हे करायला चाळीस मिनिटं लागतात आणि 'शिकलो' दोनदा आलंय हे तुमचं तुम्हाला सापडतं.

बुधवारी भाषांतरं शेजारी ठेवा. आपलं नेहमीचं पवित्र शास्त्र, त्यासोबत पंडिता रमाबाईंचं भाषांतर. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून ते केलं, १९२२ मध्ये त्या गेल्या तोवर त्याच कामात होत्या. भाषा मुद्दाम साधी आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं सुबोध बायबल कॅथलिक परंपरेतलं आहे पण मराठी म्हणून वाचण्यासारखं आहे. इंग्रजी येत असेल तर एक शब्दशः आणि एक सोपं घ्या. जिथे भाषांतरं फुटतात तिथे प्रश्न आहे असं समजा आणि मगच टीकाग्रंथ उघडा. पुण्यात राहता त्याचा फायदा घ्या: बिबवेवाडीची युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये यवतमाळहून इथे आली. तिच्या ग्रंथालयात बसून वाचता येईल का, ते विचारून बघा. दोन चांगले टीकाग्रंथ पुरतात. सात उघडलेत तर उपदेशात सात माणसं भांडतात.

गुरुवारचं काम सगळ्यात लहान आणि सगळ्यात त्रासाचं. संपूर्ण उपदेश एका वाक्यात लिहायचा. "ख्रिस्त पुरेसा आहे म्हणून पौल उपाशीपोटी आणि भरल्यापोटीही स्थिर राहायला शिकला, आणि आपणही त्याच शाळेत आहोत." एका दमात म्हणता आलं पाहिजे. त्यात दोन 'आणि' झाले तर दोन उपदेश आहेत, एक निवडा. (वरच्या वाक्यातही दोन झालेत. दुसरा खोडा.) 'विश्वासाचं महत्त्व' हे वाक्य नाही, मथळा आहे, मथळ्यावर बोललात की भरकटणार. लोकांना रविवारी दुपारी काही सांगता येत नाही याचं कारण जवळजवळ नेहमी गुरुवारी असतं.

शुक्रवारी लिहा, पूर्ण वाक्यांत. व्यासपीठावर मराठी साधारण मिनिटाला १०० ते ११० शब्दांनी चालते. २७ मिनिटांना २,८०० शब्द धरा. पहिली तीन मिनिटं लोकांना प्रश्नाशी आणून सोडा, मग कैद, मदत आणि खुलासा यांना सहा, 'शिकलो' आणि ती यादी यांना आठ, 'जो सामर्थ्य देतो' याला सात, उरलेली तीन शेवटाला. शनिवारी मोठ्याने वाचून घड्याळ लावा आणि जिथे जीभ अडखळते ती वाक्यं तोडा. हमखास चार-पाच मिनिटं जास्त भरतात. तेव्हा उतारा कापू नका, दाखले कापा. लिहिलेलं सगळं व्यासपीठावर वाचायचं नाही. त्याचे दोन पानी मुद्दे काढून तेवढेच न्यायचे.

आपल्या लोकांच्या कानाला एक सवय आहे ती वापरा. कीर्तनकार एक अभंग घेतो, त्याचं निरूपण करतो, आख्यानात लांब फिरून येतो आणि पुन्हा त्याच चरणावर येऊन टेकतो. कीर्तन ख्रिस्ती मंडळीतही रुजलंय. उपदेशातही प्रत्येक मुद्दा संपला की बोट पुन्हा वचनावर ठेवा, "बघा, बारावं वचन" म्हणा आणि लोकांना पान बघायला दोन सेकंद द्या. गप्प राहायची भीती वाटते, पण ते दोन सेकंद फार कामाचे असतात. उलट पद्धत म्हणजे उड्या: फिलिप्पैमधून यशया, तिथून प्रकटीकरण, तिथून स्तोत्र. पानं फडफडतात, लोकांना वाटतं किती वचनं माहीत आहेत, आणि एकाही वचनाचं म्हणणं पूर्ण होत नाही. बाहेरचे संदर्भ दोन, फार तर तीन. या उपदेशात एकच पुरेल, आणि तोही त्याच पत्रातला: २:६–८, जिथे सर्व काही असलेला ख्रिस्त सेवकाचं रूप घेतो. ४:१३ मधला सामर्थ्य देणारा कोण, हे तिथून कळतं. सुवार्ता अशी उताऱ्यातूनच निघावी. शेवटी तीन मिनिटांचं आवाहन गोंदासारखं चिकटवलं की ते वेगळं दिसतं.

जुना करार घ्याल तेव्हा एक खड्डा आहे. दावीद आणि गल्याथ घेतला की 'तुमच्या आयुष्यातला गल्याथ कोणता' हा प्रश्न ठरलेला. पण १ शमुवेल १७ मध्ये आपण दावीद नाही; आपण चाळीस दिवस थरथरणारं सैन्य आहोत, ज्यांच्या वतीने देवाचा अभिषिक्त एकटा पुढे गेला. तिथून ख्रिस्ताकडे रस्ता सरळ जातो. गल्याथाला कर्ज, सासू किंवा बॉस म्हटलं की तो बंद होतो.

शब्दांबद्दल जरा थांबतो, कारण मराठी उपदेशकाची ही खास अडचण आहे. बायबलची मराठी आणि रस्त्यावरची मराठी यांत अंतर पडलंय आणि रोज वाचणाऱ्याला ते जाणवत नाही. मार्क १०:४५ मध्ये येशू आपला जीव 'खंडणी' म्हणून देतो. पुण्यात खंडणी म्हटलं की पोलिसांचं खंडणीविरोधी पथक आठवतं. ऐकणाऱ्या नव्या माणसाच्या मनात येशू गुंडाला पैसे देतोय. तिथे अर्धं मिनिट थांबून सांगा की गुलाम किंवा बंदी सोडवण्यासाठी भरायचं मोल, असा अर्थ आहे. १ योहान २:२ मधलं 'प्रायश्चित्त' त्याहून अवघड. आपल्याकडे प्रायश्चित्त चूक करणाऱ्याने घ्यायचं असतं. १८९० मध्ये गुरुवार पेठेतल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहापान झालं आणि लोकमान्य टिळक, रानडे यांच्यासारख्यांच्या प्रायश्चित्ताचा वाद पुण्यात किती गाजला, हे शाळेत शिकलेला माणूस तोच अर्थ घेऊन बसलेला असतो. योहान नेमकं उलट सांगतोय: ज्याच्याविरुद्ध पाप झालं त्यानेच आपला पुत्र दिला. हे न उलगडता शब्द वापरलात तर तुम्ही कृपा म्हणता आणि लोक कर्मकांड ऐकतात. 'नवा जन्म' हाही असाच. पहिल्यांदा आलेल्या पाहुण्याला तो पुनर्जन्म वाटतो. शब्द टाकून देऊ नका, मंडळीचं ते धन आहे. पण दर वेळी एखादं वाक्य त्याच्यासाठी खर्च करा.

बोधाच्या भागात 'आपण अधिक प्रार्थना केली पाहिजे, वचन वाचलं पाहिजे' हे प्रत्येक उताऱ्याखाली बसतं, म्हणून कुठेच बसत नाही. शुक्रवारी लिहिताना चार माणसं डोळ्यांपुढे आणा, नावं न घेता: चाकणला कंत्राटावर असलेला आणि मार्चमध्ये कंत्राट संपणारा, हिंजवडीत पगार वाढला आणि मंडळीत येणं कमी झालं असा, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर इतरांच्या मुलांचे मार्क बघून रात्रभर कुढणारी आई, आणि विधवा पेन्शनवर राहणाऱ्या आजी. आजींना बहुधा हा उतारा तुमच्याहून जास्त कळतो, तेव्हा त्यांना शिकवायला जाऊ नका. मुलांना सांगा की मंडळीत पौलाच्या शाळेतले जुने विद्यार्थी बसले आहेत. खऱ्या घटनेवरून ओळखू येईल असा दाखला मात्र कधीच नको. सत्तर जणांच्या मंडळीत 'एका कुटुंबात' म्हटलं तरी सगळे मागे वळून बघतात.

"प्रभूने रात्री मला हा संदेश दिला" असं म्हणू नका. तुम्ही सोमवारपासून मेहनत घेतलीत तेवढं पुरे, आणि तसं म्हटलं की तुमची चूक कुणी दाखवूच शकत नाही. आजाऱ्यासाठी प्रार्थना जरूर करा, पण औषध बंद करायला किंवा डॉक्टर टाळायला व्यासपीठावरून, खासगीतही, सुचवायचं नाही. यावर चर्चा नाही.

आता उपासनेचा क्रम. तुम्ही नव्वद मिनिटं धरली असतील तर उपदेशाच्या २७ मिनिटांभोवती बाकीचं बांधावं लागेल. पाचारणाचं (उपासनेला बोलावणारं) स्तोत्र आणि प्रार्थना ५, दोन गीतं १०, पापांगीकार आणि क्षमेचं वचन ५, शास्त्रपाठ ७, उपदेश, मग एक गीत ५, मध्यस्थीची प्रार्थना ८, दानार्पण ५, शेवटचं गीत आणि आशीर्वचन ६. बेरीज ७८. उरलेली बारा मिनिटं उशिरा सुरू होण्यात आणि माइक शोधण्यात जातात, त्यांना आधीच जागा ठेवलेली बरी. सूचना कुठे? पाचारणाच्या आधी, म्हणजे वेळेवर येणाऱ्यांनाच ऐकू जातील आणि उशिरा येणाऱ्यांना थोडी टोचणी लागेल. उपदेशानंतर लगेच "महिला मंडळाची सहल" आली की २७ मिनिटं पाण्यात.

शास्त्रपाठ वाचणाऱ्याला उतारा गुरुवारीच द्या आणि एकदा मोठ्याने वाचून घ्या. एपफ्रदीत आणि सुन्तुखे या नावांवर आयत्या वेळी गाडी अडते आणि हसू फुटतं. वाचन म्हणजे उपदेशाची प्रस्तावना नव्हे. त्या दीड तासात हेच शब्द बिनचूक असतात. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना देवनागरी सावकाश वाचता येते, म्हणून पडद्यावर उतारा मोठ्या अक्षरात आणि एका वेळी चारच ओळी. रोमन लिपीत मराठी टाकू नये असं माझं मत. आज सोय होते आणि पाच वर्षांनी त्या मुलांच्या हातात पवित्र शास्त्र उघडत नाही.

गीतं उताऱ्याला धरून निवडा, गायकांच्या सरावाला धरून नको. गीतातले शब्द कागदावर, चालीशिवाय वाचून बघा: देवाने काय केलं हे त्यात आहे, की मला काय वाटतं एवढंच? दोन्ही लागतं, पण पहिलं नसलं तर दुसऱ्याला आधार राहत नाही. जुन्यांपैकी 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातलं एक आणि टिळकांचं एक तरी असू द्या. (पुण्यात टिळक म्हटलं की आधी केसरीवाडा, इथे रेव्हरंड नारायण वामन टिळक, १८६१–१९१९.) त्यांची पदं भजनी ठेक्यात, हार्मोनियम-तबल्यावर, आजही सगळी मंडळी एकत्र गाते, त्याला ड्रम पॅड जोडण्याची गरज नाही. पट्टी ठरवताना मुख्य गायकाचा गळा बघू नका. चालीतला सर्वांत वरचा सूर वरच्या सप्तकातल्या पांढरी दोनच्या पुढे गेला की पुरुष गप्प होतात आणि बायका हळू होतात. तसं झालं तर पट्टी एक-दोन स्वर उतरवा. मंडळीचा आवाज वाद्यांपेक्षा वर ऐकू आला पाहिजे. तो येतो का ते मागच्या भिंतीशी उभं राहून तपासा. रहिवासी भागात दिवसाची आवाजाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, आणि शाळेचा हॉल हातातून जायचा तर तो बहुधा कीबोर्डच्या स्पीकरपायी जातो. स्पीकर खिडकीकडे तोंड करून लावू नका, माइक स्पीकरच्या पुढे आणू नका.

प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) या दोन महिन्यांत येणार असेल तर ते कोण देणार हे तुमच्या मंडळीच्या नियमात बघा. बऱ्याच मंडळ्यांत दीक्षित पाळकच देतात आणि उपदेशाची परवानगी म्हणजे भोजन देण्याची परवानगी नव्हे. वडीलमंडळींना विचारा, स्वतः ठरवू नका. शेजारच्या मंडळीचे पाळक आले आणि तयारी तुमच्याकडे असली तर छोटा प्याला १५ मिली धरा. ऐंशी जणांना सव्वा लिटरला थोडा कमी रस लागतो, सांडण्याचं धरून दीड लिटर आणा. १ करिंथ ११:२३–२९ पूर्ण वाचा, फक्त २६ पर्यंत नको. स्वतःची परीक्षा करण्याचा भाग पुढे आहे.

उपदेशानंतर दारात "कसा झाला?" विचारू नका, सगळे छानच म्हणतील. मंगळवारी तीन जणांना फोन करा: एक तरुण, एक आजी, एक नेहमी मागे बसणारा. एकच विचारा, "पौलाने काय म्हटलं होतं?" तिघांची उत्तरं तुमच्या गुरुवारच्या वाक्याच्या आसपास आली तर ठीक. दाखला आठवतोय आणि वचन नाही, असं झालं तर पुढच्या वेळी तो दाखला अर्ध्यावर आणा.

नोट्स कागदावर. ए-फोर अर्धी दुमडून पवित्र शास्त्रात बसते, अक्षर चौदा-सोळा पॉइंट, एकाच बाजूला छापा, पानांवर आकडे टाका. मोबाइलवर बरोबर 'शिकलो' म्हणताना कर्जवाल्यांचा फोन येतो, स्क्रीन आपोआप काळी होते, आणि समोरच्यांना तुम्ही मेसेज बघताय की वचन हे कळत नाही. पंखा डोक्यावर असेल तर पानांना एक क्लिप लावा.